सात मिनिटं तीस सेकंद

बदलीची नोकरी असलेल्या दोन माणसांनी लोकांना सभेत उभं करून बोलायला लावायचा उद्योग मांडला. एकाची बदली झाली की मागे तो उद्योग मोडायचा. दुसऱ्याची बदली झाली तरी तो चालू राहिला. पहिला अमेरिकेतला राल्फ स्मेडली, दुसरे आपले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. ही जोडी जमवण्यामागे माझी काही फार मोठी दृष्टी वगैरे नाही. आमच्या क्लबची स्मरणिका निघायची होती आणि "मॅडम आता बँकेतून रिटायर झाल्यात, त्यांच्याकडे वेळच वेळ आहे" असं म्हणून समितीनं इतिहासाचं प्रकरण माझ्या गळ्यात घातलं. क्लब टोस्टमास्टर्सचा, म्हणजे चारचौघांत बोलायचा सराव करून घेणाऱ्या संघटनेचा, भाषा मराठी, जागा कोथरूडमधल्या एका शाळेचा वर्ग, वेळ रविवार सकाळ. पाचवीच्या पोरांच्या बाकांवर पन्नाशीची माणसं गुडघे वाकडे करून बसतात आणि भाषणं करतात. संपादकांना तीन पानं हवी होती, ती दिली. तिथे जे मावलं नाही आणि स्मरणिकेत जे शोभलं नसतं, ते इथे लिहिते आहे.

स्मेडली इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला वायएमसीए या तरुणांसाठीच्या ख्रिस्ती संस्थेच्या शिक्षण विभागात कामाला होता. साल १९०५. तिथे येणारी तरुण पोरं हुशार होती, पण चार लोकांसमोर उभं राहायची वेळ आली की त्यांची बोबडी वळायची. त्यानं त्यांचा एक गट केला. आळीपाळीनं अध्यक्ष व्हायचं, आळीपाळीनं बोलायचं आणि बोलून झालं की बाकीच्यांनी त्या भाषणावर बोलायचं. पोरांना हे आवडलं. मग स्मेडलीची बदली झाली आणि क्लब विरला. नवं गाव, नवा क्लब, पुन्हा बदली, पुन्हा तेच. बरोबरच्या अधिकाऱ्यांना हा त्याचा खासगी छंद वाटायचा. त्यामुळे तो गेला की मागे क्लब चालवायची तसदी कोणी घेत नसे. अखेर २२ ऑक्टोबर १९२४ ला कॅलिफोर्नियातल्या सँटा अ‍ॅना गावी, तिथल्या वायएमसीएच्या तळघरात, क्लब भरला आणि या खेपेला टिकला. आजूबाजूच्या गावांतून विचारणा होऊ लागली. १९३० मध्ये क्लबांचा महासंघ झाला आणि १९३२ मध्ये टोस्टमास्टर्स इंटरनॅशनल ही संस्था रीतसर नोंदली गेली.

संस्थेचे लोक त्या तळघरातल्या सभेची तारीख भक्तिभावानं सांगतात. मला मात्र त्याहून महत्त्वाचं वाटतं ते स्मेडलीनं नंतर लिहून छापलेलं हस्तपुस्तक. सभा कशी चालवायची, कोणी कधी उठायचं, किती मिनिटं बोलायचं, दुसऱ्याच्या भाषणावर काय आणि कसं सांगायचं, हे सगळं कागदावर आलं. स्मेडली स्वतः हजर असण्याची गरज संपली. पुस्तक टपालानं जाऊ शकत होतं. आज १५० च्या आसपास देशांमध्ये हे क्लब भरतात आणि कुठल्याही देशात गेलात तरी सभेचा क्रम तोच.

या संघटनेची रचना सांगायला कंटाळवाणी आहे, पण तिच्यात एक गंमत आहे. २० सभासद जमले की क्लबला चार्टर, म्हणजे अधिकृत मान्यता, मिळतं. चार-सहा क्लबांचा एक एरिया, काही एरिया मिळून डिव्हिजन, डिव्हिजन मिळून डिस्ट्रिक्ट. डिस्ट्रिक्टला नाव नसतं, नंबर असतो. पुण्याचे क्लब पूर्वी ४१ नंबरच्या डिस्ट्रिक्टमध्ये मोडायचे. क्लब वाढले, डिस्ट्रिक्टचा पसारा आवरेना, तशी त्याची विभागणी झाली आणि आम्ही ९८ मध्ये आलो. गंमत इथेच आहे. आपल्याकडे संस्था फुटते ती भांडणानं. एक अध्यक्ष, एक चिटणीस, एक कोर्टकेस आणि मग सारख्याच नावाच्या दोन संस्था, एकीच्या मागे 'मूळ' असं कंसात लिहिलेलं. इथे फुटणं हा वाढीचा ठरलेला टप्पा आहे. फुटल्यावर एकमेकांचं अभिनंदन करतात! मी आयुष्यभर सहकारी संस्थांची खाती पाहिली आहेत, त्यामुळे मला याचं अप्रूप जरा जास्तच.

पुण्यात हे क्लब आले ते आयटीबरोबर फोफावले. हिंजवडी, मगरपट्टा, खराडी इथल्या कंपन्यांना परदेशी ग्राहकाशी धड बोलणारी मुलं हवी होती, त्यामुळे कंपनीच्याच मीटिंग रूममध्ये क्लब भरू लागले, अर्थात इंग्रजीतून. मराठी त्यामानानं मागाहून. वर्ष १ जुलैला सुरू होतं, ३० जूनला संपतं आणि त्या वर्षात क्लबनं दहा उद्दिष्टं गाठायची असतात. त्यामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात कोणाची तरी दोन भाषणं राहिलेली असतात, दोन सभासद कमी पडत असतात, आणि मला थेट शाखेतला मार्चएंड आठवतो.

आता पुणं. सभांचा तोटा या गावाला कधीच नव्हता. तोटा होता तो सभा वेळेवर संपण्याचा. माझे वडील, अण्णा, व्याख्यानांचे शौकीन. वसंत व्याख्यानमालेला ते टिळक स्मारकात जायचे आणि सुट्टी असल्यामुळे मलाही ओढत न्यायचे. एकूणच सभा म्हटलं की प्रास्ताविक, स्वागत, परिचय, शाल-श्रीफळ, मनोगत, मग प्रमुख भाषण, अध्यक्षीय समारोप, आभार. "मी आपला फारसा वेळ घेणार नाही" असं कुठल्याही वक्त्यानं म्हटलं की अण्णा खुर्चीत नीट मागे रेलून बसायचे. पाऊण तासाची निश्चिंती. बऱ्याच वेळानं संयोजक एक चिठ्ठी वर पाठवायचे. वक्ता ती शांतपणे वाचायचा, घडी घालून खिशात ठेवायचा, पाण्याचा घोट घ्यायचा आणि "जाता जाता एकच सांगतो" म्हणून नवा विषय काढायचा.

अण्णांना एक सवय होती. निमंत्रणपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते पेन्सिलीनं रेघा ओढत बसायचे. चार उभ्या, एक आडवी. वक्ता किती वेळा 'म्हणजे' म्हणाला त्याचा हा हिशोब. परतताना टिळक रोडवर निकाल जाहीर व्हायचा, "माणूस विद्वान आहे हो, वाद नाही. पण म्हणजे त्रेसष्ट."

आमच्या क्लबात या कामाला पद आहे. अ‍ॅ-काउंटर. बोलताना कोण किती वेळा अडखळलं, 'अं' म्हणालं, 'म्हणजे' म्हणालं, हे मोजून तो शेवटी सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. भाषेवर लक्ष ठेवणारा ग्रामेरियन वेगळा. टायमर वेगळा. पाच ते सात मिनिटांचं भाषण असेल तर पाचाला हिरवं कार्ड, सहाला पिवळं, सातला लाल. प्रत्येक भाषणाला एक मूल्यमापक असतो, त्याला दोन-तीन मिनिटं मिळतात, आणि शेवटी या सगळ्यांचं मूल्यमापन करणारा आणखी एक. सभागृहात नुसता बसलेला माणूस जवळजवळ उरतच नाही. ऐकणं हे इथे काम आहे आणि त्याचा अहवाल द्यावा लागतो.

अण्णांचा अहवाल त्या वक्त्यापर्यंत कधी पोचला नाही. पुण्यातली पद्धत अशी, की वक्त्याला सोडून सगळ्या गावाला कळतं तो कसा बोलला ते. क्लबात ते तोंडावर सांगतात आणि सांगणारा पुढच्या रविवारी स्वतः उभा राहणार असतो, त्यामुळे त्याची जीभ आपोआप बेतात राहते. कधी कधी फारच बेतात. "खूपच छान, फक्त एक छोटीशी सूचना" असं गोड पाकात बुडवलेलं मूल्यमापन ऐकलं की मला अण्णांच्या त्या त्रेसष्टची हटकून आठवण येते.

वसंत व्याख्यानमाला सुरू झाली १८७५ मध्ये. रानडे तेव्हा पुण्यात न्यायखात्यात होते. १८७१ मध्ये ते इथे आले त्याआधी वर्षभर 'सार्वजनिक सभा' ही लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी संस्था निघाली होती आणि तिला त्यांच्यासारखा माणूस हवाच होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत लोकांना एकत्र बोलवायचं आणि शहाण्या माणसांनी एकेक विषय त्यांना नीट समजावून द्यायचा, अशी कल्पना. वक्तृत्वोत्तेजक सभा ही माला आजही चालवते, २१ एप्रिल ते २० मे. त्याच १८७५ च्या पावसाळ्यात स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले, त्यातही रानड्यांचा पुढाकार होता. बुधवार पेठेत त्यांची व्याख्यानं झाली, त्यांपैकी १५ छापील रूपात टिकली. सप्टेंबरात त्यांची मिरवणूक निघाली तेव्हा सनातन्यांनी गाढवाची मिरवणूक काढली आणि जोतीराव फुले आपली माणसं घेऊन दयानंदांच्या बाजूला उभे राहिले. एकाच वर्षात गावानं इतकं ऐकलं आणि ऐकल्यावर इतका दंगा केला. भाषण ऐकून घरी जाऊन झोपण्याची सोयच नव्हती.

पुढे सरकारला रानड्यांचा हा उत्साह खुपू लागला. १८७८ मध्ये नाशिक, १८७९ मध्ये धुळं. स्मेडलीचे क्लब अशाच बदल्यांनी मोडले होते. पुण्यातलं काम मोडलं नाही, कारण रानड्यांभोवती त्यांच्याइतकीच खटपटी माणसं होती. हस्तपुस्तक नव्हतं, घटनेची कलमं फारशी कोणी वाचत नसावं, पण रानडे गेले तरी सतरंज्या कोणी टाकायच्या हे माहीत असलेले लोक गावात होते. अशा लोकांची परंपरा टिकली तर सगळं टिकतं आणि एक पिढी जरी हुकली तरी काही हाती लागत नाही. छापील पुस्तकाचं तसं नसतं, ते गावात ओळखीचं कुणी नसलं तरी चालतं. यात श्रेष्ठ कोण हे मला ठरवता आलेलं नाही आणि स्मरणिकेच्या संपादकांनी ते ठरवून मागितलं होतं, म्हणून तो परिच्छेद मी तिथे दिलाच नाही.

या काळातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट एका श्रोत्याची आहे. १८७२-७३ च्या सुमारास रानड्यांनी पुण्यात देशी व्यापारावर व्याख्यानं दिली. विषय रुक्ष होता. कच्चा माल बाहेर जातो, पक्का माल आत येतो आणि मधल्या मधे आपला कारागीर बसतो, असा साधारण आशय. समोर बसलेले गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, उठले आणि त्यांनी देशी कापडाचं व्रत घेतलं. नुसतं घेतलं नाही, स्वतः सूत कातून त्याचे कपडे वापरू लागले. १८७७ मध्ये दिल्लीला दरबार भरला तेव्हा सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून काका तिथे गेले ते त्याच जाड्याभरड्या कपड्यांत. राजेरजवाड्यांच्या जरीच्या गर्दीत. गांधीजी तेव्हा काठेवाडात सात-आठ वर्षांचे होते.

एका भाषणानं ऐकणाऱ्याचे कपडे बदलले, तेही जन्मभरासाठी. आमच्या क्लबात याच्या बरोबर उलटं आहे. भाषणानं बदलतो तो बोलणारा. तो पहिल्या रविवारी टेबल घट्ट धरून उभा असतो, दोन वर्षांनी हात मोकळे सोडून. ऐकणाऱ्यांनी विषय लक्षात ठेवावा अशी अपेक्षाच नसते आणि ते ठेवतही नाहीत. चहाच्या वेळी "तुमचा आवाज छान लागला आज" असं म्हणतात. विषय काय होता ते विचारू नये.

म्हणून रानड्यांचं व्यासपीठ चांगलं आणि क्लब उथळ, असं म्हणायला मी तयार नाही. त्या व्यासपीठावर कोण चढत होतं तेही पाहायला हवं. १८७८ च्या मे महिन्यात हिराबागेत रानड्यांच्याच अध्यक्षतेखाली ग्रंथकारांची सभा भरली, आपल्या साहित्य संमेलनाची सुरुवात ती. १८८५ मध्ये तिचं पुन्हा निमंत्रण निघालं तेव्हा जोतीरावांनी यायला नकार दिला. जे सगळ्या माणसांना माणसाचे हक्क मनापासून देत नाहीत त्यांच्या सभांशी आमच्या सभांचा मेळ बसायचा नाही, असं त्यांनी कळवलं, आणि वर 'घालमोड्या दादा' असा शेलका शब्द बहाल केला. सत्यशोधक समाज त्यांनी १८७३ मध्येच काढला होता. तिथे बोलणारे, ऐकणारे वेगळे होते, बोलीही वेगळी होती. पेठांमधल्या सभागृहात जो ऐकायलासुद्धा आत आला नसता तो तिथे उभा राहून बोलत होता. व्याख्यानमालेचा इतिहास सांगताना हे पत्र सहसा कोणी वाचत नाही. मी आमच्या स्मरणिकेत ते घेतलं होतं. 'जागेअभावी' गळलं.

बायकांचं तर विचारू नका. रमाबाई रानड्यांचं पहिलं जाहीर भाषण नाशिकच्या शाळेत झालं आणि ते लिहून दिलं होतं न्यायमूर्तींनी. पंडिता रमाबाई मात्र १८८२ मध्ये पुण्यात आल्या त्या स्वतःचं बोलणं घेऊनच. आर्य महिला समाज काढला, शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. सावित्रीबाईंनी १८९३ मध्ये सासवडला सत्यशोधक परिषदेचं अध्यक्षपद भूषवलं. आणि टोस्टमास्टर्स? या आधुनिक, लोकशाहीवादी वगैरे संघटनेनं बायकांना सभासदत्व दिलं ते १९७३ मध्ये! त्याआधी १९३८ मध्ये बायकांनी तिकडे वैतागून आपली वेगळी संघटना काढली होती. हेलन ब्लँचर्ड नावाच्या बाईंना १९७० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका क्लबनं सभासद करून घेतलं, ते कागदोपत्री 'होमर' असं पुरुषाचं नाव लावून. याच बाई १९८५ मध्ये संघटनेच्या पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाल्या. आमच्या क्लबात सध्या पाच पदाधिकारी बायका आहेत आणि मी हे सांगितलं तेव्हा एकीनं लगेच विचारलं, "मग होमरच्या नावानं वर्गणी कोण भरत होतं?" बँकेतल्या बाईला न सुचलेला प्रश्न होता तो.

आता गुणपत्रिकेबद्दल. यंदा एरियाच्या स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बसवलं. भाषण साडेचार मिनिटांपेक्षा कमी नको आणि साडेसातच्या वर एक सेकंद जरी गेलं तरी बाद. तिथे चिठ्ठी खिशात घालायची सोय नाही. गुण १००. त्यांपैकी मजकुराला ५०, सादरीकरणाला ३०, भाषेला २०. मजकुराच्या पन्नासातही बांधणीला २०, परिणामाला १५ आणि विचाराच्या मोलाला उरलेले १५. म्हणजे एखाद्यानं सांगण्यासारखं काहीही न सांगता ८५ मिळवायला हरकत नाही. लोक मिळवतातही. स्पर्धेची भाषणं मी बरीच ऐकली आहेत. त्यांत अपयश येतं, अंधार येतो, मग एक आजी येते, ती एकच वाक्य बोलते आणि वक्ता उभारी धरतो. आवाज जिथे खाली यायचा तिथे येतो. पाच पावलं डावीकडे, पाच उजवीकडे. मला त्या आजीची आता भीती वाटायला लागली आहे.

सार्वजनिक काकांना उठवणारं ते व्यापारावरचं व्याख्यान या कागदावर किती गुण घेईल, याचा मी खरंच हिशोब मांडून पाहिला. हातवारे माहीत नाहीत, आवाजाचे चढउतार माहीत नाहीत आणि सात मिनिटं तीस सेकंदांच्या आत ते संपलं नसणार हे नक्की. बाद.

आणि तरीही गुणपत्रिका टाकून द्या असं मी म्हणत नाही. ज्याला उभं राहिल्यावर दरदरून घाम फुटतो त्याला आधी घामाचं बघावं लागतं, विचाराचं मोल नंतर. ते काम हा कागद चोख करतो. व्याख्यानमालेनं दीडशे वर्षांत नामांकित वक्ते ऐकवले, पण समोर बसलेल्या माझ्या वडिलांना कधी कोणी वर बोलावलं नाही. अण्णा उत्तम बोलले असते. निदान त्रेसष्टच्या आत.

त्या स्पर्धेत आमच्याच क्लबचे एक काका होते. सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त. त्यांनी विषय घेतला मिळकतकराचा. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला करात ४० टक्के सवलत आहे. ती मधे बंद झाली होती, २०२३ मध्ये परत मिळाली, पण ज्यांची गेली होती त्यांना पीटी-३ नावाचा अर्ज भरून आपण तिथेच राहतो हे दाखवावं लागलं. काकांनी आजी आणली नाही, अंधार आणला नाही. बिल हातात धरून कुठल्या रकान्यात काय बघायचं ते सांगितलं. अर्जाला काय काय जोडायचं ते सांगितलं. एकाच जागी उभे राहिले. आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच पट्टीत. सातला लाल कार्ड लागलं तेव्हा ते सोसायटीच्या ना हरकत पत्रावर आले होते. संपलं ते सात मिनिटं एकावन्न सेकंदांनी. मी विचाराच्या मोलाला १५ पैकी १५ दिले होते, वाया गेले. पहिला नंबर आजीला मिळाला.

चहाच्या टेबलाशी मात्र काकांभोवती कोंडाळं. तीन परीक्षक, एक टायमर आणि विजेता स्वतः, मोबाइलवर आपापली बिलं उघडून उभे. पुढच्या रविवारी दोघं जण मूळ कागद घेऊन आले, त्याच्या पुढच्या रविवारी शेजारच्या क्लबची माणसं. सभेला येणारे पाहुणे अचानक वाढले म्हणून आमच्या अध्यक्षा खूश झाल्या, मग त्यांच्या लक्षात आलं की निम्म्यांना भाषणाशी देणंघेणं नाही. आता सभेच्या सुरुवातीला सूचना असते, "मिळकतकराचे प्रश्न कृपया सभेनंतर." माझा अर्ज काकांनीच तपासून दिला. एक जोडपत्र राहिलं होतं.